सोलापूर महानगरपालिका : प्रशासकीय रचना व पाणीपुरवठा यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तुत लेखात सोलापूर शहराच्या स्थानिक स्वराज्य संस्थेची जडणघडण पाणीपुरवठ्याच्या अनुषंगाने तपासली आहे. रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, प्राथमिक शिक्षण ही कर्तव्येही महत्त्वाची आहेतच. परंतु अवर्षणप्रवण प्रदेशातील या शहरात नागरिक कारभाराची परीक्षा नळावर घेतात.

येथील नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झाली. 1877 मध्ये सुरू झालेल्या, ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापडगिरणीमुळे कामगारवस्ती वाढली आणि विहिरी-तळ्यांवरील भिस्त अपुरी पडू लागली. अदिला नदीवरील एकरुख तलाव मुळात सिंचनासाठी बांधलेला. शहराने पुढे त्याचेच पाणी प्यायले. शेती व शहर यांच्यातील पाण्याचा वाद सोलापुरात नवा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

1930 च्या सविनय कायदेभंगात नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. त्याच वर्षी 12 मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. दिवाबत्तीचा हिशेब ठेवणारी संस्था राजसत्तेसमोर उभी राहू शकली, यामागे लोकप्रतिनिधित्वाचे बळ होते.

1 मे 1964 रोजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले व 1949 चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू झाला. या बदलाकडे सामान्यतः बढती म्हणून पाहिले जाते. वस्तुतः सत्तेचे केंद्रही हलले. अधिनियमानुसार धोरण ठरविणे सर्वसाधारण सभेकडे, खर्चाला मंजुरी देणे सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे, तर कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात. प्रशासनावर त्यांची थेट हुकमत नसते. पाणी आले नाही म्हणून नागरिक ज्या नगरसेवकाचे दार ठोठावतात, त्याच्या हाती विनंती व ठराव यांपलीकडे फारसे काही नसते.

1992 च्या हद्दवाढीने हे अंतर आणखी रुंदावले. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव यांसारखी गावे समाविष्ट होऊन सुमारे 33 चौरस किलोमीटरचे शहर 178 चौरस किलोमीटरपर्यंत पसरले. ग्रामपंचायतीचा सरपंच गेला, जलवाहिनी मात्र लगेच आली नाही. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्दप्रयोग आजही रूढ आहे, हे पुरेसे बोलके आहे. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 9,51,558 झाली.

या लोकसंख्येची तहान प्रामुख्याने भीमेवरील उजनी धरणावर अवलंबून आहे. शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीखेरीज, नदीपात्रात पाणी सोडून औज बंधारा भरून घेण्याची पद्धत येथे दीर्घकाळ चालत आली. पात्रातून येताना बाष्पीभवन, गळती व उपसा यांत बरेच पाणी खर्ची पडते. शिवाय ते केव्हा सोडायचे, हा निर्णय महापालिकेचा नसून जलसंपदा विभागाचा असतो. अनेक वस्त्यांत चार-पाच दिवसांआड नळ येण्याची कारणे महापालिकेच्या वितरणव्यवस्थेत जशी आहेत, तशी ती शहराच्या हद्दीबाहेरही आहेत.

आर्थिक बाबतीतही हेच घडले. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले. तुल्यबळ उत्पन्न दिले नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही आणि 2017 च्या वस्तू व सेवा करानंतर शासनाच्या भरपाई अनुदानाकडे डोळे लावणे आले. 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर कामे व निधी एका स्वतंत्र कंपनीमार्फत हाताळले गेले. उजनीच्या नव्या समांतर जलवाहिनीसाठी या कंपनीचा निधी उपयोगी पडला, हे नाकारता येणार नाही. तथापि कंपनीचे संचालक मंडळ सभागृहाला थेट उत्तरदायी नसते.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. निवडणुका लांबल्याने आयुक्तांकडेच प्रशासकपद आले. त्या काळात पाण्याची तक्रार घेऊन नागरिकांना थेट विभागीय कार्यालय गाठावे लागे आणि प्रस्ताव मांडणारा, तो मंजूर करणारा व अमलात आणणारा अधिकारी एकच असे.