पहिली तबकडी

गाणे कोणाचे, हा प्रश्न तसा सोपा. ते टिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा अवघड. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. ती तेथवर गेली भक्तांच्या मुखातून आणि लेखणीतून; वाटेत कोणा कंपनीची संमती लागली नाही. विसाव्या शतकात गाणे तबकडीवर चढले आणि संमती आली.

नर्सीहून एकदम रॉक संगीताकडे वळलो, तर वाचक हसतील. पण हाच प्रश्न मला मुंबईच्या रॉक मशीन या वाद्यवृंदाच्या इतिहासात दिसतो. १९८४ साली हा संच उभा राहिला. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक. गायक म्हणून पुढे नाव झाले ते उदय बेनेगल यांचे. त्या काळी महाविद्यालयीन श्रोत्यांची अशा संचांकडून अपेक्षा एकच असे : विलायतेतील गाजलेली गाणी हुबेहूब वाजवावीत. नक्कल जितकी चोख, तितक्या टाळ्या अधिक. हे सोडून या मंडळींनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांच्या आधीच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्याच संचाचे नशीब पाहा : तबकडीच्या नावात ७७ चा आकडा, आणि ती बाजारात आली १९८१ मध्ये!

रॉक मशीनची गाणी स्वतःची होती खरी, पण ध्वनिमुद्रिका काढली सीबीएस कंपनीने. इंग्लंडात मँचेस्टरच्या बझकॉक्स या पोरांनी १९७७ च्या जानेवारीत वेगळीच वाट धरली होती. आप्तेष्टांकडून ५०० पौंड उसने घेऊन, एका दिवसात चार गाणी मुद्रित करून, त्यांनी स्वतःच्याच नाममुद्रेखाली १,००० प्रती काढल्या. त्या हातोहात खपल्या. आपल्याकडे तबकड्या दाबण्याची यंत्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती; उसनवारी करूनही गायक त्यांच्या दाराशीच थांबला असता. ही कोंडी फोडली कॅसेटने. स्वस्त यंत्रावर प्रती निघू लागल्या, आणि भीमगीते, भारुडे, गोंधळ जत्रेतल्या दुकानांत येऊन बसले. रॉकवाल्यांनी जे स्वातंत्र्य मागितले, ते आमच्या लोकगायकांनी, तो शब्दही न उच्चारता, वापरले.

रॉक मशीनने १९९३ साली नाव बदलून इंडस क्रीड केले. आधी गाणे आपले, मग नावात सिंधू. हा क्रम मला बोलका वाटतो. ज्याला स्वतःचे शब्द सापडतात, त्याला आज ना उद्या आपण कुठले, हे सांगावेच लागते.

आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. खर्चाची सबब संपली. तरीही औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत गाणारे कितीतरी म्हातारे कंठ कुठेही न उतरता विझून जातात. कंपनी नको म्हणते म्हणून नव्हे. आपल्यालाच ते जपावेसे वाटत नाहीत म्हणून. पहिली तबकडी खपाच्या आकड्यावरून मोजू नये. हा आवाज होता, इतकी साक्ष तिने दिली तरी तिचे काम झाले. ती साक्ष या दिवाळीत आपल्या गावच्या एखाद्या गोंधळ्याकडून घेऊन ठेवावी, एवढेच सुचवतो.