गावासाठी अग्निशामक बंब घ्यायचा की घडवायचा? जाणून घ्या टाकी, पंप, पाइप आणि निधीची सविस्तर माहिती

परभणी : सोयाबीनची गंजी, कडबा, गोठा, आखाड्यावरचं साहित्य, तोडणीला आलेला ऊस. शेतशिवारात आग लागली की वर्षभराची कमाई अर्ध्या तासात जाते. फोन लागतो, बंबही निघतो. पण तालुक्याच्या गावाहून तो पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा राख विझवायचंच काम उरतं. म्हणूनच गावाला स्वतःची गाडी असावी, असा विषय ग्रामसभेत निघतो. ती गाडी कशी असावी, नवी घ्यावी की गावातच तयार करावी, याची ही माहिती.

बंब शहरातच का असतो?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. त्यात नगरपालिकांसाठी दिलेल्या १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यात अग्निशमन सेवा नाही. त्यामुळे बंब, चालक आणि फायरमन महापालिका व नगरपरिषदांकडे असतात आणि खेड्यात ते मदत म्हणून येतात.

ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोहोचावा, असा केंद्राच्या अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर २० मिनिटांत गाडी १३ किलोमीटर जाते. गंगाखेड, जिंतूर, सेलू किंवा पाथरीपासून त्यापुढे असलेल्या गावांचं काय? पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर तर एवढा वेगही मिळत नाही. म्हणजे पहिली २० मिनिटं गावालाच लढायचं आहे. गाडीची निवड याच हिशोबाने करावी लागते.

मोठा बंब, पिकअप की ट्रॅक्टर-टँकर?

मोठा बंब : नगरपरिषदांकडे दिसणारा मोठा बंब म्हणजे वॉटर टेंडर. आयएस ९५० या भारतीय मानकातल्या 'बी' प्रकारच्या बंबाची टाकी ४,५०० लिटरची असते. नुसत्या पाण्याचंच वजन साडेचार टन. नळकांडी पूल, अरुंद गल्ली आणि ओलं शेत या गाडीला झेपत नाही. शिवाय पगारी चालक, विमा आणि देखभाल हा खर्च दरवर्षीचा. एकट्या ग्रामपंचायतीसाठी हा पर्याय बहुधा पांढरा हत्तीच ठरतो.

पिकअप : वेगाने जाते आणि गल्लीतही शिरते. पण वजनाचं गणित आधी करावं. दीड टन भारक्षमतेच्या पिकअपवर १,००० लिटर पाणी ठेवलं की एक टन तिथंच संपला. उरलेल्या अर्ध्या टनात टाकी, पंप, पाइप आणि तीन माणसं बसवायची. त्यामुळे ८०० लिटरच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण स्वयंसेवी दलांकडे मोठ्या टँकरच्या जोडीला अशा छोट्या गाड्या असतात.

ट्रॅक्टर-टँकर : मराठवाड्यात टँकर कोणाला सांगायला नको. ट्रॅक्टर जवळपास प्रत्येक गावात आहे, तो चालवणारी पोरं आहेत, बिघडला तर मिस्त्रीही जवळच मिळतो. भरलेला टँकर ताशी २० किलोमीटरने गेला तरी तीन किलोमीटरवरच्या आखाड्यावर नऊ मिनिटांत पोहोचतो. वेग कमी, पण अंतरही कमी. बहुतेक गावांसाठी सुरुवात इथून करणंच परवडतं.

जर्मनीत तर बहुतेक गावांचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचंच असतं. तिथंही लहान गावांत छोटी गाडी आणि उचलून नेता येणारा पंप, एवढ्यावर काम चालतं.

टाकी बनवताना दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली, टाकीच्या आत आडवे पत्रे. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीचे कप्पे पाडावे लागतात. पत्र्यांना खाली-वर पाणी जाण्यापुरती भोकं ठेवायची. हे पत्रे नसतील तर वळणावर आणि ब्रेक मारताना टँकर उलटण्याची भीती असते. अर्धवट भरलेली टाकी तर जास्तच धोक्याची.

दुसरी, तोट्यांची जागा. गावचा टँकर पिण्याच्या पाण्याला आणि फवारणीलाही वापरला जातो. उन्हाळ्यात आग लागते तेव्हा नेमका तो रिकामा सापडतो. यावर साधा उपाय आहे. रोजच्या वापराची तोटी तळापासून काही अंतर वर बसवायची आणि आगीच्या पंपाची जोडणी अगदी तळाला द्यायची. ५,००० लिटरच्या टाकीत १,५०० लिटर राखीव राहील इतक्या उंचीवर वरची तोटी ठेवली, की कोणी कितीही पाणी घेतलं तरी तेवढं शिल्लक राहतंच.

तणनाशक किंवा कीटकनाशक कालवलेली टाकी मात्र यासाठी कधीच वापरू नये.

पंप : जास्त मोठा म्हणजे चांगला नव्हे

मिनिटाला १,८०० लिटर फेकणारा पंप ५,००० लिटरची टाकी तीन मिनिटांच्या आत रिकामी करतो. पुढं काय? गावाला पुरतो तो उचलता येणारा छोटा पंप. आयएस ९४२ या मानकातला पंप मिनिटाला २७५ लिटर देतो. त्याच टाकीवर तो साधारण १८ मिनिटं चालतो. तेवढ्यात दुसरा टँकर भरून येऊ शकतो.

धुरा पेटला किंवा कडेचं गवत जळत असलं, तर फवारणीचा एचटीपी पंपही कामाला येतो. तो मिनिटाला ३०-४० लिटरच पाणी घेतो, त्यामुळे पाणी खूप वेळ पुरतं. पण पेटलेल्या गंजीसमोर तो अपुरा पडतो.

एक चूक मात्र टाळावी. पंप विहिरीच्या काठावर ठेवून पाणी ओढू, असं धरून चालू नये. काठावरचा कोणताही पंप प्रत्यक्षात सात मीटर म्हणजे २२-२३ फुटांपेक्षा खालचं पाणी नीट ओढत नाही. उन्हाळ्यात विहिरीची पातळी त्याच्या खाली जाते. म्हणून विहिरीतल्या पाणबुडी मोटारीवरूनच टँकर भरण्याची सोय करावी. आगीच्या वेळी लाइट बंद केलेली असू शकते, त्यामुळे दुसऱ्या डीपीवरचं किंवा जनरेटरवर चालणारं एक ठिकाण आधीच ठरवून ठेवावं.

पाइप आणि कपलिंग

अग्निशमन दलाच्या पाइपांना ६३ मिलिमीटरचं झटक्यात बसणारं कपलिंग असतं (मानक आयएस ९०३). गावाच्या टँकरलाही तेच बसवावं. नगरपरिषदेचा बंब आला की त्याची टाकी काही मिनिटांत संपते. कपलिंग सारखं असेल तर गावचा टँकर थेट बंबाला पाणी देऊ शकतो. शेतीचा पाइप सुतळीने बांधत बसलं तर तेवढ्यात आग पुढं सरकते.

सोबत ठेवायचं साहित्य : ३० मीटर लांबीचे किमान तीन पाइप, दोन नोझल, कुऱ्हाड, फावडी, लांब दांड्याचे आकडे, बॅटऱ्या, जाड सुती कपडे, बूट, हेल्मेट. आकड्यांना महत्त्व आहे. कापूस आणि कडबा आतून धुमसतो. वरून पाणी मारून भागत नाही. गंजी फोडून, पसरून भिजवावी लागते.

माणसं नसतील तर गाडी शोभेची

एका गाडीमागे दहा-बारा जण लागतात, कारण वेळेला त्यातले चार-पाचच गावात सापडतात. परवाना असलेले किमान तीन ट्रॅक्टरचालक त्यात हवेत. गाडीची चावी कोणाकडे आहे, हे सगळ्यांना माहीत असावं. ग्रामसुरक्षा दलातले तरुण आणि 'आपदा मित्र' प्रशिक्षण घेतलेले कोणी असतील, तर त्यांच्यापासून सुरुवात करता येते. महिन्यातून एकदा पंप चालू करून पाइप अंथरण्याचा सराव व्हावा. महिनोन् महिने बंद राहिलेला पंप ऐन वेळी सुरू होत नाही.

स्वयंसेवकांनी कुठं थांबायचं, हेही ठरलेलं असावं. जिनिंग, कीटकनाशकांचं दुकान, गॅस सिलिंडर, पेट्रोल पंप आणि धुराने भरलेलं बंद घर ही कामं श्वसनयंत्र असलेल्या प्रशिक्षित दलाची आहेत. तिथं गावकऱ्यांनी लोकांना लांब ठेवायचं, शेजारची घरं भिजवायची आणि बंबाला रस्ता मोकळा करून द्यायचा.

निधी आणि कागदपत्रं

- काम आधी ग्रामसभेत ठरवून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावं लागतं. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून ते बसतं का, हे पंचायत समितीकडून लेखी विचारून घ्यावं. जिल्हा नियोजन समिती आणि आमदार-खासदार निधीकडेही प्रस्ताव देता येतो.
- राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना सुरू केली. ती राज्य सरकारमार्फत राबवली जाते. ग्रामपंचायतीला थेट अर्ज करता येत नाही.
- जवळची चार-पाच गावं मिळून एक पिकअप आणि प्रत्येक गावाचा आपला टँकर, अशी वाटणी केल्यास खर्च आटोक्यात राहतो.
- गाडीवर टाकी-पंप बसवणं हा वाहनातला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची परवानगी लागते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा चालू ठेवावा.
- निविदेत मानकांचे क्रमांक लिहावेत. गाडी ताब्यात घेताना टाकी पूर्ण भरून, पंप किमान अर्धा तास चालवून पाहावा.

सरावाला मुहूर्त हवा असेल तर

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजावर भयंकर स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाच्या जवानांसह शेकडो माणसं गेली. त्या जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठीही होत्या. या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. रब्बीची सुगी संपत आलेली आणि ऊन वाढलेलं असताना गावाच्या टँकरची तपासणी करायला हाच आठवडा योग्य.

आग लागली तर हे नंबर

अग्निशमन : १०१
सर्व आपत्कालीन मदत : ११२
रुग्णवाहिका : १०८
महावितरण : १९१२ (पाणी मारण्याआधी त्या भागाची लाइट बंद करून घ्यावी)