राणी हिराईचा चेहरा

यंदा मे महिन्यात बहिणीकडे यवतमाळला चार दिवस राहून आलो. त्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, कूलरपुढे आडवं होऊन पेपर वाचायचा एवढाच उद्योग. भाचा मात्र सारखा कॉम्प्युटरपुढे. मामाच्या अधिकाराने विचारलं, "काय रे खेळतोस दिवसभर?" तर म्हणाला, "खेळत नाही मामा, राणी बनवतोय."

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही (म्हणजे आमच्या घरातले पन्नाशीच्या पुढचे सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिव्हिलायझेशन नावाचा एक गेम आहे. सिड मायर यांनी तो १९९१ मध्ये आणला, तेव्हापासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघताहेत. एक राज्य घ्यायचं, अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंत न्यायचं. प्रत्येक राज्याला इतिहासातला एक नेता असतो. भारताला पहिल्या आवृत्तीपासून गांधीजी! आणि हेच गांधीजी गेममध्ये अणुबॉम्ब टाकतात अशी ख्याती. एका आकड्याच्या चुकीमुळे पहिल्याच गेममध्ये असं झालं, ही गोष्ट इंटरनेटवर इतकी फिरली की २०२० साली आपल्या आत्मचरित्रात खुद्द मायर यांना सांगावं लागलं की बाबांनो, अशी चूक कधी नव्हतीच. पण गोष्ट काही मेली नाही. पुढच्या गेममध्ये तर ती गंमत म्हणून मुद्दाम घातली.

तर कंपनीने जे राजे दिले नाहीत ते हौशी मंडळी स्वतः तयार करून फुकट वाटतात. शिवाजी महाराजांचं मराठा राज्य अशा मंडळींनी केव्हाच केलंय. भाच्याला आपल्या भागातलं काहीतरी करायचं होतं, म्हणून त्याने चांद्याची गोंड राणी हिराई निवडली. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर, म्हणजे राणी तशी शेजारचीच.

अशा पात्राला दोन गोष्टी लागतात. एक आकडे, म्हणजे फौज, खास इमारत, खास गुण. दुसरा चेहरा.

आकड्यांसाठी मी त्याला 'ऐने अकबरी' सुचवली. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्याचं वर्णन लिहिलं, त्यात आपलं कळंब (हो, चिंतामणीचंच) एका सरकारचं मुख्य ठिकाण आहे आणि यवतमाळ योत-लोहारा या नावाने येतं. तिथेच चांद्याच्या बाबजी नावाच्या गोंड जमीनदाराची नोंद आहे. १,००० घोडेस्वार, ४०,००० पायदळ. आणि वैरागडची हिऱ्यांची खाण. भाचा उडालाच. "मामा, हे तर रेडिमेड आहे!" खरंच की. अकबराच्या दफ्तराला त्या माणसाच्या चेहऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याच्याकडून किती धोका आणि किती मिळकत, एवढंच हवं होतं. एका घोडेस्वारामागे चाळीस पायी सैनिक हे प्रमाण पाहिलं तरी तो मुलूख जंगलाचा असणार हे कळतं.

पण बाबजी वेगळा, हिराई वेगळी. तिचा काळ शंभरावर वर्षांनी पुढचा, अठराव्या शतकाच्या आरंभीचा. नवरा बीरशहा मारला गेला, पोटी मुलगा नाही. तिने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेतो कारभार पाहिला. नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ बांधलं. चैत्रात तिथे केवढी यात्रा भरते! पुढे १७५१ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं आणि गोंड राज्य संपलं. (आपल्या शाळेच्या पुस्तकात रघुजी होते, हिराई नव्हती. निदान मला तरी आठवत नाही.)

चेहऱ्याचं मात्र अवघड झालं. भाच्याने पहिलं चित्र काढलं ते सिरियलमधल्या जिजाऊंसारखं, नऊवारी, नथ आणि चंद्रकोर. त्याचं त्यालाच पटेना. मग दुसरं काढलं. डोक्यावर पिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात भाला, मागे जंगल आणि शेकोटी. मेहनत खूप होती त्यात, रंगही सुरेख. मीही "वा!" म्हणालो, हे कबूल करतो.

संध्याकाळी त्याचा मित्र आला. हा मुलगा गोंड, मूळ गाव पांढरकवड्याकडचं, दोघं पाचवीपासून एका वर्गात. त्याने चित्र पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माही आजी अशी दिसते काय बे?" आणि चहा न घेता गेला. दोन दिवस आलाच नाही.

भाचा आधी चिडला. गेममध्ये असंच असतं म्हणाला. मला मात्र त्या "वा!"ची लाज वाटत राहिली. शिवाजी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र आपल्याकडे कित्येक वर्षं चालत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं तेव्हा कुठे तो घोळ मिटला. महाराजांचं निदान त्या काळातलं चित्र होतं, शोधणारा माणूसही मिळाला. हिराईचं काय?

तिसऱ्या दिवशी भाचा स्वतःच मित्राकडे गेला. पहाटेच्या एसटीने वणीवरून आम्ही तिघं चंद्रपूरला. ऊन तर असं की बोलायची सोय नाही. जटपुरा दरवाजा, मग अंचलेश्वराजवळची बीरशहाची समाधी, मग महाकाली. दरवाजावर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला आहे, ती गोंड राजांची खूण. भाच्याने त्याचेच वीसेक फोटो काढले. मित्र समाधीच्या सावलीत बसून म्हणाला, "जंगल काढून टाक. हा दगड टाक मागे." एवढंच. पण राणीच्या मागचा देखावा तिथेच ठरला. खास इमारतही ठरली, शहराचा परकोट.

चेहरा शेवटी मित्राच्या आजीचा घ्यायचा असं दोघांनी ठरवलं. आजी घरात गोंडी बोलते, आमच्याशी वऱ्हाडी. हातांवर निळं गोंदण, कपाळ रुंद, नजर अशी की मीसुद्धा नीट बसलो. आधी तिने हसण्यावारी नेलं. "राणीले माहं तोंड? लोकं हसतीन ना, बाबू." मग नातवाने राणीची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा म्हणाली काढ. पण तंबाखूची डबी दाखवू नकोस.

मी निघालो तेव्हा चित्र अर्धं झालं होतं. गोंदण आहे, पांढरे केस काळे केलेत, साडी कोणत्या रंगाची यावर दोघांचा वाद चालू होता. राणीचा खास गुण काय द्यायचा तेही ठरायचंय. भाचा म्हणतो पायदळ स्वस्त करू. मित्र म्हणतो ते बाबजीचं आहे, हिच्या राज्यात बांधकाम लवकर व्हायला पाहिजे.