हिरव्यातला निळा

हैदराबादच्या तारनाका मेट्रोचा जिना उतरता उतरता शेवटच्या पायरीखाली फरशीऐवजी खडी लागते. डोक्यावरचा पूल गेला, रिक्षांचा गलका गेला. साल 1939. उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत नुकतीच उभी राहते आहे आणि तुम्ही लालागुड्याच्या रुळांकडेला उभे आहात. निजामाच्या रेल्वेचा इथला कारखाना 1893 पासूनचा. दिवसभर तापलेले दगड आता कुठे निवायला लागलेत.

"सरक लेकरा, तेल सांडंल अंगावर."

लँपमन. मराठी ऐकून तुम्ही चमकता, पण चमकण्यासारखं काही नाही. मनमाडची लाइन नांदेड-परभणीवरूनच तर इथे येते. त्याच्या हातात घासलेटचा दिवा आहे. तो सिग्नलच्या शिडीवर चढतो, मागोमाग तुम्हीही चढता.

वर गेल्यावर कळतं, दिवा जागचा हलतच नाही. हलतात त्या काचा. सिग्नलच्या हाताच्या बुडाशी ओतीव लोखंडाची चौकट, तिच्यात वर लाल काच, खाली दुसरी. हात आडवा असला की ज्योतीसमोर लाल. केबिनमधून तार ओढली की हात पडतो, चौकट वर सरकते आणि दुसरी काच ज्योतीसमोर येते. तार तुटलीच, तर चौकटीच्या वजनानेच हात पुन्हा आडवा होतो. म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबते.

तुम्ही ती दुसरी काच न्याहाळता. अजून उजेड आहे आणि काच चक्क निळी दिसते.

"मामा, हिरवी कुठाय?"

"हीच की. थांब जरा, वात लावू दे."

वात पेटते. मामा फडक्याने काच पुसतो, काजळी बोटावर घेऊन दाखवतो. खालून तार ओढली जाते, काच ज्योतीसमोर येते आणि रुळांवर दूरवर हिरवा उजेड पडतो. घासलेटच्या ज्योतीत पिवळा-तांबडा भरपूर, निळा नावाला. तिच्यापुढे साधी हिरवी काच धरली तर उजेड पिवळट होईल, आणि लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला तो साधा दिवाच वाटेल. म्हणून काचेतच निळा घातला. ज्याने हे ठरवलं त्याने काचेचा रंग ठरवला नाही. कोसभर लांबच्या डोळ्यात काय पोचेल, ते ठरवलं. मला या सगळ्या यंत्रात याच्याइतकं सुंदर दुसरं काही वाटत नाही.

पूर्वी विलायतेत 'मोकळा रस्ता' म्हणजे पांढरा दिवा होता. पण लाल काच फुटली की उघडी ज्योतही पांढरीच दिसायची, 'थांब'चं 'ये' व्हायचं. मग मोकळ्या रस्त्याला हिरवा आला. आणि रंगच न ओळखणाऱ्या डोळ्यांचं काय? स्वीडनमध्ये 1875 साली लागरलुंडाला गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वेच्या माणसांपुढे रंगीत लोकरीच्या लडी टाकल्या आणि त्यांतून एकसारख्या निवडायला लावल्या. कोणाला लाल-हिरवा ओळखता येत नाही, ते त्यातून उघड झालं.

मामा दिव्याच्या पाठीकडे बोट दाखवतो. तिथे एक बारीक भोक आहे. केबिनवाल्याला सिग्नलची पाठच दिसते. दिवा जळतोय की विझला, हे त्याला या ठिपक्यावरून कळतं. एका ज्योतीला दोन माणसांसाठी दोन तोंडं.

"उतर आता. पॅसिंजर येईल."

शिडीची शेवटची पायरी, आणि पायाखाली पुन्हा फरशी. तार आणि नाका, म्हणजे तारेच्या कुंपणाजवळचा नाका, म्हणून तारनाका असं जुनी माणसं सांगतात. तुमच्या मनात मात्र आता वेगळीच तार आहे.

पुढच्या चौकात सिग्नल हिरवा होतो. एलईडीला रंगीत काच लागत नाही, रंग तिच्या आतच तयार होतो. तरी तुम्ही थांबून नीट बघता. त्या हिरव्यात निळ्याची झाक आहे. ज्यांना लाल-हिरवा सारखाच दिसतो, त्यांनाही वेगळा कळावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. मागचा बसवाला हॉर्न वाजवतो. तुमच्या बोटावर काजळी आहे.