हाकेच्या अंतरावरचे मैदान

बाग ही मुंबईत केवळ हौस म्हणून आली नाही. तिच्यामागे एक रोग होता. सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि शहराची झोप उडाली. हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले ते तेव्हा. 1898मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्याची दाट वस्ती मोकळी करणे ही त्याची पहिली योजना. पुढे दादर-माटुंग्याला नवी वसाहत आखताना ट्रस्टने घरांच्या मधोमध बागा ठेवल्या. तिथले ‘फाइव्ह गार्डन्स’ आजही मुलांनी गजबजते.

प्लेग ओसरला. आजची काळजी वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात उंचीच्या मानाने वजन जास्त असलेली पाच वर्षांखालची मुले 2015-16मध्ये 2.1 टक्के होती. 2019-21मध्ये ती 3.4 टक्के झाली. कुपोषणाचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे, हे खरेच. पण एकाच शहरात आता दोन्ही दुखणी शेजारी नांदू लागली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात तीन तास हालचाल करावी. त्यातला एक तास तरी दम लागेपर्यंत. दहा बाय बाराच्या खोलीत हे कसे जमावे?

दक्षिण कॅलिफोर्नियात तीन हजारांवर मुलांची आठ वर्षे नोंद ठेवली गेली. 2011मध्ये निष्कर्ष आला : घरापासून 500 मीटरच्या आत बागा-मैदाने जास्त असलेल्या मुलांचे वजन अठराव्या वर्षी तुलनेने आटोक्यात होते. वजन एकट्या बागेवर ठरत नाही, खाणेपिणेही आहेच. तरी अंतराचा मुद्दा आपल्या आयाबहिणींना लगेच पटेल. चार वर्षांचे पोर स्वतः बागेत जात नाही, त्याला न्यावे लागते. संध्याकाळचा स्वयंपाक चुलीवर ठेवून आई जाऊ शकेल, तेवढीच बाग त्याची.

पुन्हा नागपाड्याकडे येऊ. तिथल्या मस्तान तलावाचे आता नावच उरले आहे. पाण्याच्या जागी खेळाचे मैदान आहे. गर्दीतल्या या मोहल्ल्याने देशाला बास्केटबॉलचे कितीतरी खेळाडू दिले. 1970चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर नागपाड्याचेच. जागा हातभर, पण दारापाशी!

आज अनेक बागांत मोठ्यांसाठी चालण्याची वाट असते आणि मुलांसाठी ‘चेंडू खेळू नये’ ही पाटी. तेव्हा पुढच्या बागेचे उद्घाटन होईल, त्या दिवशी आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा : चार वर्षांच्या मुलाला इथवर यायला किती रस्ते ओलांडावे लागतील?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)