सरळ बस!

गेल्या गणपतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. फ्लॅटवर पाण्याचा २० लिटरचा जार आला. पोरगा दारातच ठेवून पळाला, रूममेट आंघोळीला गेलेला, म्हणून मी आपला गुडघे न वाकवता खाली वाकलो आणि उचलला. कंबरेत कट्कन काहीतरी झालं आणि मी जार हातात धरून काटकोनात अडकलो. तो जार खाली कसा ठेवला ते माझं मलाच माहीत.

घरी फोन केला. बाबांनी दोन वाक्यांत निकाल दिला. "किती वेळा सांगितलं, सरळ बसत जा म्हणून! आता पंधरा दिवस पडून राहा."

मंडळी, आपल्याकडे पाठीचं सगळं शास्त्र या दोन आज्ञांमध्ये मावतं. सरळ बस, आणि दुखलं की पडून राहा. शाळेत पहिली ऐकली, घरात दुसरी पाहिली. २००४ साली, मी दुसरीत असताना, बाबांची 'गादी सरकली' होती. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण झोपायला सांगितलं. पलंगावरची कापसाची गादी काढून प्लायवूड टाकलं, पायाकडच्या बाजूला खाली विटा लावल्या, आणि बाबा छताकडे बघत पडून राहिले. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा भिंत धरून चालत होते. आजार जास्त लागला की उपचार, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. मला पडला तो वीस वर्षांनी, स्वतः आडवं पडल्यावर. लॅपटॉप पोटावर होताच, मग शोधत बसलो. म्हणजे शोधत पडलो.

आधी 'सरळ बस'. हापिसातल्या भिंतीवर ते पोस्टर असतं ना, कोपर नव्वद अंश, कंबर नव्वद अंश, गुडघे नव्वद अंश, त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या शाळांमध्ये सापडतात. बाकावर वाकून लिहिणाऱ्या पोरांचे कणे वाकडे होतील अशी तिथल्या डॉक्टरांना धास्ती होती. १८८४ साली फ्रान्झ स्टाफेल या जर्मन डॉक्टरने बसण्याच्या आरोग्यावर लिहिलं आणि खुर्चीला कंबरेपाशी आधार हवा असं सांगितलं. माणूस शहाणा होता, पण त्या काळी कणा जिवंत माणसात आतून कसा वागतो हे बघायची सोयच नव्हती. क्ष-किरण आले १८९५ मध्ये.

ते किरण वापरून १९५३ साली अमेरिकेतल्या ओमाहाच्या जे. जे. कीगन या डॉक्टरने एक साधं काम केलं. माणसांना कुशीवर झोपवून, मांड्या वेगवेगळ्या कोनांत ठेवून, कंबरेच्या मणक्यांचे फोटो काढले. कंबरेचा नैसर्गिक बाक सगळ्यात निवांत दिसला तो मांडी आणि धड यांत साधारण १३५ अंश असताना. नव्वद अंशांना आणलं की बाक सपाट व्हायला लागतो, कारण तो सगळा कोन खुब्यात वाकत नाही, उरलेला कंबरेकडून वसूल होतो. म्हणजे पोस्टरवरचा काटकोन सुतारासाठी सोयीचा आहे, मणक्यासाठी नाही.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. आल्फ नाखेमसन, स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा अस्थिशल्यविशारद. १९६०च्या दशकात त्याने जे केलं ते ऐकून माझ्या पाठीत पुन्हा कळ आली. त्याने जिवंत, जाग्या माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारी सुई घातली आणि त्यांना उभं राहा, बसा, वाका, वजन धरा असं सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट प्रोब लावला! १९७६ मध्ये त्याने जो तक्ता छापला तो पुढे जगभर फिजिओथेरपीच्या पुस्तकांत गेला. उभं राहिल्यावरचा दाब १०० धरला तर उताणं झोपल्यावर २५, बसल्यावर १४०, बसून पुढे वाकल्यावर १८५. बसणं उभं राहण्यापेक्षा वाईट, ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट बरीचशी त्या तक्त्यातून आली.

पुढची २०-२५ वर्षं हे आकडे पुन्हा कुणी फारसे तपासले नाहीत. साहजिक आहे, सुई टोचून घ्यायला कोण येणार? शेवटी १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि मंडळींनी ते केलं. यावेळी एकच माणूस, ४५ वर्षांचा, ७० किलोचा, ठणठणीत गादीवाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीत सेन्सर, आणि जवळपास २४ तास मोजमाप. झोपेतसुद्धा.

निवांत उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल. गाडीच्या टायरमध्ये साधारण ०.२२ असतो, म्हणजे नुसतं बसची वाट बघत उभे असताना तुमच्या कंबरेत दोन टायरांहून जास्त दाब असतो. आणि टेकू न घेता बसल्यावर? १४० टक्के काही आला नाही. आला ०.४६, उभ्यापेक्षा किंचित कमीच. आणि खुर्चीत मागे टेकून, घसरून, आईला बघवत नाही तसं बसल्यावर ०.३.

परत वाचा. शून्य पूर्णांक तीन. आख्ख्या शाळेने ज्यासाठी पट्ट्या खाल्ल्या ते बसणं!

अर्थात एका माणसावरून जगाचा नियम होत नाही, आणि दाब म्हणजे दुखणं नव्हे, हे मलाही कळतं. तासन् तास घसरून बसा असंही हा आकडा सांगत नाही. पण नियम म्हणून जे शिकवलं गेलं त्याच्यामागेही याहून फार भक्कम पुरावा नव्हता, एवढं नक्की. आणि माझ्या जारचा आकडाही त्यात निघाला. २० किलो वजन पाठ वाकवून उचललं तर २.३, गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि अंगालगत धरून उभं राहिलं तर १.१. दहा टायर विरुद्ध पाच टायर. हे मात्र आता जन्मात विसरणार नाही.

त्याच प्रयोगात मला सगळ्यात जास्त आवडलेला आकडा रात्रीचा आहे. झोपेच्या सात तासांत गादीतला दाब ०.१ वरून ०.२४ झाला. का? कारण गादी रात्री पाणी शोषते. मोठ्या माणसाच्या या गादीला जवळपास रक्तवाहिन्याच नसतात. तिचं खाणंपिणं शेजारच्या हाडांतून झिरपून येतं. भार पडला की पाणी हळूहळू बाहेर, भार उतरला की आत. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते यामुळेच. अशा वस्तूला एक आदर्श स्थिती कुठली असणार? सहा तास ताठ बसणं काय आणि तीन आठवडे उताणं पडणं काय, तिच्या दृष्टीने दोन्ही एकाच जागी अडकणं.

मग दुसरी आज्ञा, 'पडून राहा'. लंडनचा सर्जन जॉन हिल्टन याने १८६३ साली विश्रांती आणि वेदना यांवरची आपली व्याख्यानं छापली, आणि विश्रांती हे औषध झालं. मोडक्या हाडाला ते लागूही पडतं. पण पाठीच्या बाबतीत साधा हिशोब मांडायला १९८६ उजाडलं. टेक्सासमध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपायला सांगितलं. बरं होण्यात फरक नाही. फक्त दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी. १९९५ मध्ये हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली. एक गट झोपलेला, एक पाठीचे व्यायाम करणारा, एक जमेल तेवढी रोजची कामं करणारा. सगळ्यात लवकर सावरला तो तिसरा गट. भर दुखण्यात व्यायाम करणारेसुद्धा त्याच्या मागे!

आणि नाखेमसन? ज्याने सुया टोचल्या तोच पुढे शस्त्रक्रियांच्या सुळसुळाटाविरुद्ध बोलत राहिला. पाठ दुखणाऱ्यांनाही कामावर येऊ द्या असं त्याने १९८३ मध्ये लिहिलं. त्याच्याच सहकाऱ्यांनी गोथेनबर्गच्या व्होल्वो कारखान्यातल्या कामगारांना टप्प्याटप्प्याने हालचाल वाढवायला लावली, आणि ते बाकीच्यांपेक्षा लवकर कामावर परतले. १९९२ मध्ये ते छापून आलं.

१९९२. बाबा पलंगावर पडले २००४ मध्ये. बारा वर्षं. आपल्याकडे पॅच यायला बारा वर्षंही पुरली नाहीत! त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी सांगितलं असणार. पण तीन आठवडे बिनपगारी गेले, आणि त्यानंतर बाबांनी मला कधी खांद्यावर घेतलं नाही. तेव्हा वाटलं, मी मोठा झालो म्हणून.

असो. मी दोन दिवस पडलो, तिसऱ्या दिवशी हळूहळू सोसायटीच्या आवारात फेऱ्या सुरू केल्या. (पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर मात्र असले लेख न वाचता थेट दवाखाना गाठा.) एमआरआयमध्ये 'बल्ज' आला होता. घाबरलो, मग १९९४ चा एक अमेरिकन अभ्यास सापडला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त जणांत बल्ज. जरा धीर आला.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सगळं आकड्यांसकट बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग ते प्लायवूड काढायचं का?" ते अजून त्याच्यावरच झोपतात, वीस वर्षं. मी म्हटलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना, मग राहू द्या."

जेवायला बसलो. "सरळ बस," ते म्हणाले.