नायकाच्या वाटेवरचीं माणसें

रामकथेंतून जटायु, शबरी आणि सुग्रीव वगळले, तर रामाचा वनवास म्हणजे केवळ एक लांबलचक पायपीट उरते. साहसकथा नायकाच्या नांवानें ओळखली जाते खरी. परंतु ती पुढें सरकते ती नायकाच्या वाटेवर भेटणाऱ्या माणसांमुळें. कोणी शस्त्र देतो, कोणी मार्ग दाखवितो, कोणी मार्ग अडवितो, आणि कोणी नुसतें दारांत उभें राहून त्याची वाट पाहतें. कथा सांगणाऱ्यांना हें प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कथेचा एक नवा प्रकार जन्मास आला, आणि त्याला हा धडा अगदी पहिल्यापासून गिरवावा लागला. तो प्रकार म्हणजे संगणकावर खेळावयाचा अद्भुत साहसाचा खेळ, अर्थात् व्हिडिओ गेम.

या खेळांत वाचक स्वतःच नायक होतो, आणि त्यामुळें दुय्यम पात्रांचा प्रश्न तेथें निराळ्या स्वरूपांत उभा राहतो. नायकानें आपल्या सोबत्याशीं कसें वागावें, हें पुस्तकांत लेखक ठरवितो. खेळांत तें बऱ्याच अंशीं खेळणाऱ्याचा हात ठरवितो. सोबती हा माणूस आहे कीं उपयोगाची वस्तु आहे, या प्रश्नाचें उत्तर तेथें शब्दांनीं नव्हे तर कृतीनें द्यावें लागतें. सुमारें पंचवीस वर्षांच्या अवधींत हें उत्तर कसकसें बदलत गेलें, तें पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाचा आरंभ एका गुहेंत होतो. अमेरिकेंतील केंटकी राज्यांत मॅमथ केव्ह नांवाची प्रचंड गुहा आहे. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ त्या गुहांतून हिंडणारा हौशी संशोधक होता. घटस्फोटानंतर आपल्या दोन मुलींना रमवावें, या हेतूनें त्यानें १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ रचला. त्यांत चित्र नव्हतें. पडद्यावर केवळ वाक्यें उमटत, आणि खेळणाऱ्यानें एकदोन शब्दांत आज्ञा द्यावयाची. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यानें १९७७ मध्यें त्याचा विस्तार केला. या गुहेंत भेटणारे बहुतेक जण वैरीच होते. सुरे फेंकणारे बुटके, खजिना लांबविणारा चांचा, पुलावर मोबदला मागणारा राक्षस, असा तो परिवार होता. त्यांत एक अपवाद म्हणजे साखळीनें बांधलेलें एक अस्वल. त्याला खाऊं घातलें कीं तें माणसाळतें, आणि साखळी सोडली कीं मागोमाग चालूं लागतें. त्याला राक्षसापुढें सोडलें, तर राक्षस पळ काढतो. परंतु त्याच अस्वलाला बरोबर घेऊन पूल ओलांडूं गेलें, तर भारानें पूल मोडतो आणि दोघेहि दरींत कोसळतात. काम झालें कीं सोबत्याला मागें सोडावें, हा या पहिल्या गुहेचा व्यवहार होता.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत, म्हणजे एम्. आय्. टी. मध्यें, चौघां तरुणांनीं झॉर्क नांवाचा खेळ रचण्यास आरंभ केला. पुढें १९७९ मध्यें इन्फोकॉम ही संस्था स्थापन झाली, आणि झॉर्कचा पहिला भाग १९८० मध्यें घरगुती संगणकांसाठीं बाहेर पडला. त्यांत एक चोर आहे. तो एका जागीं उभा राहून नायकाची वाट पाहत नाहीं. आपल्या मर्जीनें भुयारांतून हिंडतो आणि आवडेल तें झोळींत टाकतो. पण त्याची खरी गंमत निराळीच आहे. नायकाला एक रत्नजडित अंडें सांपडतें. तें त्याला स्वतः उघडतां येत नाहीं. बळजबरी केली तर आंतील नाजुक वस्तु मोडते. तें उघडण्याचें कसब फक्त त्या चोराच्या बोटांत आहे. म्हणून तें अंडें जाणूनबुजून चोराच्या हातीं पडूं द्यावें लागतें! ज्याच्यापासून सावध राहावयाचें, त्याच्याच गुणावर विसंबावयाचें, असा हा पेंच आहे. दुय्यम पात्राला स्वतःची इच्छा व स्वतःची विद्या येथें प्राप्त झाली. पण शेवटीं तो ऐवज परत मिळविण्यासाठीं त्याच चोराचा वध करावा लागतो. त्याच्या गुणाची कदर झाली. त्याच्या जिवाची झाली नाहीं.

तिसरा टप्पा ऑस्ट्रेलियांत घडला. टोल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी १९३७ सालीं प्रसिद्ध झाली होती. तिच्यावरून मेलबर्न येथील बीम सॉफ्टवेअर या मंडळीनें १९८२ मध्यें एक खेळ तयार केला. व्हेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल हे त्याचे प्रमुख कर्ते होत. गॅन्डाल्फ हा जादूगार आणि थोरिन हा बुटक्यांचा राजा यांना त्यांनीं स्वतंत्र चलनवलन दिलें. नायक विचार करीत बसला, तरी हे दोघे थांबत नसत. गॅन्डाल्फ मनास येईल तिकडे निघून जाई. थोरिन खालीं बसून सोन्याचीं गाणीं म्हणूं लागे. त्यांना विनंति करतां येई, पण ते ती मानतीलच असा नेम नसे. इतकेंच नव्हे, तर नायकाच्या डोळ्यांआड ते कोणाशीं तरी लढून मरूनहि जात, आणि मग त्यांच्यावांचून खेळ अवघड होऊन बसे. अनेकांना याचा वैताग आला. परंतु स्वातंत्र्य म्हणजे काय, याची ती पहिली किंमत होती. ज्याला स्वतःचें जीवन आहे, त्याला स्वतःचें मरणहि असणारच.

स्वातंत्र्य आलें, तरी सदाचाराचा प्रश्न शिल्लकच होता. तो १९८५ मध्यें रिचर्ड गॅरियट याच्या 'अल्टिमा ४' या खेळानें धसास लावला. त्यापूर्वीच्या खेळांतून गांवकऱ्यांना लुटून वा मारून विजय मिळविणें सहज शक्य असे, आणि त्याबद्दल मनाला टोंचणीहि लागत नसे. गॅरियटनें या खेळांत शेवटचा दुष्ट शत्रूच ठेवला नाहीं. आठ सद्‌गुण अंगीं बाणवून 'अवतार' पदास पोंचणें, हेंच त्यांतील ध्येय होय. आणि त्या पदासाठीं त्यानें आपल्याच देशांतला हा संस्कृत शब्द उचलला. परीक्षा घेणारी माणसें मात्र अगदीं सामान्य आहेत. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला नाणें दिलें, तर नायकाची करुणा वाढते. मंत्रांसाठीं लागणारीं द्रव्यें विकणारी बाई आंधळी आहे; तिच्या हातांत किती पैसे टाकावयाचे हें गिऱ्हाइकावरच सोंपविलेलें आहे. कमी दिले, तर तिला कळत नाहीं. परंतु खेळ तें मनांत ठेवतो, आणि प्रामाणिकपणाच्या कसोटीवर नायक मागें पडतो. दुर्बळाशीं केलेलें वर्तन हेंच नायकाचें माप, ही जुनी शिकवण येथें प्रथमच खेळाचा नियम झाली.

जपानांत हाच प्रवास निराळ्या वाटेनें झाला. निन्टेन्डो या क्योटो येथील संस्थेनें १९८६ मध्यें 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ प्रसिद्ध केला. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख कल्पक. त्याच्या प्रारंभींच एका गुहेंत एक वृद्ध उभा असतो; तो नायकाला लाकडी तलवार देतो, आणि तत्क्षणीं दिसेनासा होतो. त्याला नांव नाहीं, घर नाहीं, पूर्वायुष्य नाहीं. सात वर्षांनंतर, १९९३ मध्यें, याच मालिकेंतील 'लिंक्स अवेकनिंग' या खेळांत नायक वादळांत सांपडून एका बेटावर येऊन पडतो, आणि मॅरिन नांवाची मुलगी त्याला वांचविते. ती गाते, समुद्रापलीकडे काय असेल याचीं स्वप्नें पाहते. पुढें उलगडा होतो कीं, तें सगळें बेट एका निद्रिस्त महामत्स्याचें स्वप्न आहे. त्याला जागें केल्यावांचून नायकाची सुटका नाहीं, आणि तो जागा झाला कीं बेट, गांव आणि मॅरिन सारींच विरून जाणार. नायकाचा विजय ज्यांच्या जिवावर उभा आहे, तीं माणसें या खेळानें आधीं ओळखीचीं करून दिलीं, आणि मगच त्यांची किंमत मागितली.

पुढें १९९८ मध्यें 'ओकारिना ऑफ टाइम' आला. आतां जग त्रिमित झालें होतें, आणि नायकाची नजर कोणत्या वस्तूवर खिळली आहे हें दाखविण्यासाठीं एका खुणेची गरज पडली. साधा त्रिकोण ठेवूनहि तें काम भागलें असतें. परंतु योशिआकी कोइझुमी यानें त्या खुणेला परीचें रूप दिलें. 'नॅव्हिगेशन' या शब्दावरून तिचें नांव नॅव्ही पडलें. तिचें सारखें हांका मारणें अनेक खेळणाऱ्यांना जाचक वाटलें, आणि तिची थट्टाहि पुष्कळ झाली. पण शेवटच्या प्रसंगीं ती एक शब्दहि न बोलतां उडून जाते, तेव्हां तिचा अभाव जाणवल्यावांचून राहत नाहीं. २००० सालचा 'मेजोराज मास्क' हा पुढील खेळ सुरू होतो, तोच मुळीं हरवलेल्या सखीच्या शोधांत निघालेल्या मुलाच्या दर्शनानें. जी परी यंत्राची एक खूण म्हणून जन्मली, तिच्याचसाठीं नायकानें घर सोडलें.

एइजी आओनुमा व कोइझुमी यांच्या या खेळांत दुय्यम पात्रें घड्याळाच्या कांट्यावर जगूं लागलीं. आकाशांतून चंद्र खालीं येत आहे, आणि तीन दिवसांनीं नगराचा नाश ठरलेला आहे. हे तीन दिवस खेळणाऱ्याच्या साधारण ५४ मिनिटांत सरतात. त्यानंतर नायक काळ मागें फिरवून पुन्हा पहिल्या दिवसाशीं येतो. नगरांतला टपालवाला मृत्यु समोर दिसत असूनहि वेळापत्रक सोडीत नाहीं. पळून जाण्याची परवानगी कोणी तरी द्यावी लागते. खाणावळ चालविणारी अँजू आपल्या वाग्दत्त वराची वाट पाहत आहे. शापानें लहान मूल झालेला काफेइ तोंड लपवून त्याच गांवांत राहत आहे. त्यांची भेट घडवावयाची, तर नायकाला त्यांच्या वेळेप्रमाणें वागावें लागतें. रात्रीं ठराविक घटकेला हजर व्हावें लागतें, निरोप पोंचवावे लागतात, आणि पुष्कळदां नुसतें थांबावें लागतें. अखेरच्या रात्रीं, अगदीं थोडा वेळ उरला असतां, तीं दोघें भेटतात. आणि मग नायकाला काळ मागें फिरवावाच लागतो! त्या दोघांना कांहींच आठवत नाहीं. आठवण राहते ती एकट्या उपकारकर्त्याला.

त्यानंतर २००१ मध्यें फुमितो उएदा यानें रचलेला 'इको' हा खेळ बाहेर पडला. शिंगें घेऊन जन्मास आलेला एक मुलगा ओस किल्ल्यांत कोंडला जातो, आणि तेथें त्याला योर्दा ही पिंजऱ्यांतली मुलगी भेटते. दोघांना एकमेकांची भाषा समजत नाहीं. तिचा हात धरण्यासाठीं खेळणाऱ्याला एक कळ दाबून धरावी लागते. ती सुटली कीं हातहि सुटतो, आणि काळ्या सावल्या तिला ओढून नेऊं पाहतात. किल्ल्याचीं मंतरलेलीं दारें तिच्यामुळेंच उघडतात, म्हणून तीहि एक किल्लीच आहे, असा आक्षेप घेतां येईल, आणि तो सर्वस्वी खोटा नाहीं. या साऱ्याच पात्रांचीं वाक्यें आधीं लिहिलेलीं असतात, आणि त्यांचें स्वातंत्र्य रचणाऱ्यानें आंखून दिलेल्या रेषेपुरतेंच असतें. परंतु दार उघडून झाल्यावर योर्दाला मागें सोडून चालत नाहीं. १९७७ च्या त्या गुहेंत पूल ओलांडतांना अस्वल मागें ठेवणें हेंच शहाणपण होतें. या किल्ल्यांत मात्र खेळ राखून ठेवावयाचा, तर दगडी बैठकीवर दोघांनींहि शेजारीं बसावें लागतें. ती येऊन बसेपर्यंत नायकाला विसांवा नाहीं.